समोरचा ब्रेक नावालाच

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर दर आठ-पंधरा दिवसांनी एक चार ओळींची बातमी येते, ती मला आता पाठ झाली आहे. "दुचाकीवरील ताबा सुटल्याने एक जखमी." गाव बदलते, नाव बदलते, बाकी सगळं तेच. मी बी वाचायचो आणि पान उलटवायचो. पण यंदा दिवाळीच्या अगोदर माझाच ताबा सुटला, मागं बायको बसलेली होती, आणि तेव्हापासून हा शब्द दिसला की डोकं फिरते. ताबा सुटला म्हणजे नेमकं काय सुटलं हो? हँडल तर माझ्या हातातच होतं, पडेपर्यंत हातातच होतं.

झालं असं की पांढरकवड्याहून बाजार करून घाटंजीकडं येऊन राहिलो होतो. सांज झाली होती आणि टिपेश्वरचं जंगल जवळ असल्यानं त्या पट्ट्यात अंधार पडायच्या आत घर गाठायची सगळ्यांनाच घाई असते, मला बी होती, चाळीसच्या वर स्पीड असन. तुरीच्या वावरातून एक रोही, म्हणजे नीलगाय, निघाला आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, जसं काही आमचीच वाट पाहून राहिला होता. मी समोरचा ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ मुठीला येऊन टेकला आणि गाडी आपली चाललीच आहे. मग घाबरून पायाचा ब्रेक असा दाबला की मागचं चाक जाम होऊन घसरलं, रस्त्याच्या कडंला गिट्टी टाकून ठेवलेली होती, तिच्यावर गेलो आणि दोघं बी नालीत. रोही आरामात निघून गेला. बायकोच्या कोपराला आठ टाके पडले, माझा गुडघा फुटला, आणि पाच किलो कांदे रस्ताभर. मागून येणाऱ्या एका भल्या माणसानं आधी कांदे वेचले, मग आम्हाला उचललं. पण उचललं, हे महत्त्वाचं.

आता खरं सांगतो. ब्रेक त्या दिवशी फेल नाही झाला. तो दोन वर्षांपासून तसाच होता आणि मला ते माहीत होतं.

गाडी माझी २००४ ची, शंभर सीसीची, सेकंड हँड घेतलेली. ब्रेक लागत नाही म्हणून मी तीन वेळा मिस्त्रीकडं नेली. तिन्ही वेळा त्यानं गालातला खर्रा इकडचा तिकडं केला, चाकाजवळचा वायरचा नट चार आटे पिळला, लिव्हर दोनदा दाबून पाहिला, "झालं भाऊ" म्हणाला आणि वीस रुपये घेतले. आठ दिवस बरं वाटे, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी जरा आवाज चढवला तर मलाच समजावून राहिला, समोरचा ब्रेक जास्त वापरू नका म्हणे, पलटी खाल. आणि मी हाव म्हणून निघून आलो, कारण माझ्या बापानं राजदूतवर मला हेच शिकवलं होतं. आमच्या गावात कोणालाही विचारा, समोरचा ब्रेक म्हणजे जीव घ्यायची कळ. काही जण तर मुद्दाम नट ढिला करून ठेवतात, पोरगं घाईत दाबन बिबन म्हणून. म्हणजे रोग ब्रेकचा नाहीच, आपल्या डोक्यातला आहे, आणि मिस्त्री बी त्याच गावचा.

ही भीती अगदीच खोटी नाही. मुरूम, रेती, चिखल, किंवा हँडल वळलेलं असताना समोरचा ब्रेक झटक्यानं ओढला तर गाडी आडवी होतेच. पण सरळ कोरड्या डांबरी रस्त्यावर उलटं आहे. बंडी उताराला लागली की सगळा भार जूवर, बैलाच्या मानेवर येते ना, तसंच ब्रेक दाबला की गाडीचा आणि माणसांचा भार समोरच्या चाकावर येते आणि मागचं चाक हलकं होते. हलकं चाक किती बी दाबा, ते थांबवणार काय, नुसतं घसरते. जोरात ब्रेक मारताना थांबवायचं साधारण सत्तर टक्के काम समोरचंच चाक करते. म्हणजे मी दोन वर्षं फक्त तीस टक्के ब्रेकवर बायकोला बाजार दाखवून राहिलो होतो. चाळीसच्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, तुम्हीच हिशोब करा.

दिवाळीला पुतण्या आला, त्याचं आयटीआय झालं आहे. गाडी पाहून म्हणाला, "काका, नट पिळून काय होते, आत काय चाललं ते तर पाहू." मी म्हटलं खोल. पण त्यानं आधी काहीच खोललं नाही, नुसता लिव्हर दाबून पाहिला आणि विचारलं, हा नरम लागते की कडक? मला इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला की लिव्हर कडक लागत असन आणि तरी गाडी थांबत नसन तर आतला शू (चाकाच्या मधल्या गोल डब्याला, म्हणजे ड्रमला, आतून घासून चाक थांबवणारा तुकडा) चकाकला किंवा त्याला ग्रीस लागलं, आणि लिव्हर ढिला मुठीला टेकत असन तर वायर नाही तर कॅम (वायर ओढली की फिरून शूला बाहेर ढकलते ती कळ), किंवा शू झिजून संपला. आमचं कसं होतं तर आधी ढिला आणि शेवटी शेवटी जड, म्हणजे बापा सगळंच थोडं थोडं.

मग वायर ड्रमच्या बाजूनं सोडली. एका हातानं लिव्हर दाबायचा आणि खालची तार सरकते का पाहायची. ती अडकून अडकून सरकत होती. हँडलच्या खाली वायर जिथं वळते तिथं वरचं प्लास्टिक फाटून गंज चढला होता, आणि लिव्हरजवळच्या गोळीपाशी तारेचे तीन पदर तुटून केसासारखे उभे राहिले होते. म्हणजे मी ज्या जोरानं दाबून राहिलो होतो त्यातला अर्धा जोर वायरमध्येच खर्च होऊन राहिला होता, आणि एखाद दिवशी ती तुटली असती तर उरलेला अर्धा बी गेला असता. नवी वायर सव्वाशे रुपयांची. मिस्त्रीला तीन वेळा दिलेले साठ रुपये आठवले आणि लय लाज वाटली, म्हणजे मिस्त्रीची नाही, माझी.

वायर काढल्यावर ड्रमच्या बाहेरची ती छोटी दांडी, जिला वायर जोडलेली असते, ती पुतण्यानं हातानं फिरवली. सोडली की टणकन मागं यायला पाहिजे, ती म्हातारीच्या दारासारखी कुरकुरत आली. आतला कॅम कोरडा ठण्ण. आणि त्या दांडीच्या मुळाशी एक बाण असते, ड्रमच्या प्लेटवर, म्हणजे झाकणावर, एक खूण असते, ब्रेक दाबल्यावर बाण खुणेला टेकला की समजायचं शू संपला. गाडी वापरून इतकी वर्षं झाली, मला हा बाण माहीतच नव्हता, काळ्या मातीखाली गाडला गेला होता. नखानं खरवडला तर दिसला. खुणेच्या पार पलीकडं.

पण खरी गंमत पुढं आहे आणि ही सगळ्यांनी नीट वाचावी. दांडीवर आणि कॅमच्या टोकावर कंपनीनं एकेक टिंब ठोकलेलं असते, दोन्ही टिंबं समोरासमोर पाहिजेत. आमच्या गाडीत दांडी कॅमच्या दात्यांवर दोन दात सरकलेली होती. कोणीतरी, माझ्या आधीच्या मालकानं किंवा त्याच्या मिस्त्रीनं, शू झिजल्यावर नवा टाकायच्या ऐवजी दांडी काढून मागं सरकवून बसवली होती म्हणजे नटाला पिळायला जागा मिळाली. जुगाड म्हणून बरं दिसते. पण मग आतला कॅम त्याच्या हद्दीबाहेर फिरते आणि शूला नीट ढकलत नाही, आणि आणखी पिळत गेलं की दांडी इतकी पुढं जाते की वायरची ओढ तिरपी पडते. विहिरीचा रहाट आठवा, दोर दांड्याला काटकोनात असला की जोर लागते, तिरपा झाला की माणूस दमते आणि पाणी वर येत नाही. ब्रेक पुरा दाबला तेव्हा वायर आणि दांडीमध्ये काटकोन किंवा त्याच्या आत पाहिजे, त्याच्या पुढं गेली की जितकं पिळाल तितका ब्रेक कमी लागन. माझा मिस्त्री तीन वेळा पिळून पिळून ब्रेक कमीच करून राहिला होता!

मग चाक काढलं. ड्रममधून मूठभर काळी भुकटी निघाली. मी सवयीनं फुंकर मारायला वाकलो तर पुतण्यानं मागं ओढलं. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुफ्फुसात गेली की निघत नाही, त्यामुळं फुंकायचं नाही, कंप्रेसरची हवा मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. आपल्याकडं सगळे मिस्त्री तोंड आत घालून फुंकतात, मी डोळ्यानं पाहतो.

शू पाहिले तर आरशासारखे चमकत होते. हलक्या हलक्या ब्रेकवर गाडी चालवली, कधी दाबलाच नाही जोरात, तर ते असे चकाकतात आणि मग पकड राहत नाही. नुसतं चकाकलं असतं तर जाड पॉलिश पेपरनं घासून चाललं असतं म्हणे, पण एका शूच्या कडंला तेलकट डाग होता. मीटरची केबल त्याच प्लेटमधून जाते, तिथल्या गिअरला कोणीतरी भरभरून ग्रीस ठासलं होतं आणि जुनं ऑइल सील ओलांडून ते आत उतरलं. मी म्हटलं पेट्रोलनं धुऊ. तो म्हणाला काका, लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, तेल पिऊन घेते, धुतल्यावर चांगलं दिसन पण गरम झालं की पुन्हा वर येईन. तेल प्यालेला शू फेकायचाच. आणि तसे बी संपलेलेच होते, लायनर दोन मिलिमीटरवर आला की बदलायचा असते, आमचा त्याच्या खाली होता. ड्रम व्हर्नियरनं मोजला. नवा असताना १३० मिलिमीटरचा, आमचा १३० आणि वर चार दशांश निघाला. एक मिलिमीटरच्या आसपास झिजला तर हब बदलावा लागते, बऱ्याच ड्रमवर तो शेवटचा आकडा कोरलेलाच असते. आमचा वाचला.

शू घेताना दुकानदारानं दोन डबे ठेवले, एक ओरिजिनल, एक लोकल, फरक शंभराचा. साहेब, आपण खर्ऱ्यात महिन्याला किती घालतो? मी ओरिजिनल घेतला आणि डब्याचं होलोग्राम बी पाहिलं, उगाच.

बसवताना दोन गोष्टी. एक म्हणजे ड्रमच्या प्लेटला एक खाच असते, ती समोरच्या शॉकअपच्या पाइपावर जो खुंटा असते त्यातच बसली पाहिजे. ती चुकली आणि ब्रेक दाबला तर अख्खी प्लेट चाकासोबत फिरन, वायर गुंडाळली जाईन आणि चाक जाम. घरी चाक खोलणाऱ्यानं बाकी सगळं विसरलं तरी चालन, हे विसरू नये. दुसरी युक्ती मला लय आवडली. एक्सलचा नट ढिलाच ठेवायचा, चाक हातानं फिरवायचं, ब्रेक दाबून धरायचा आणि धरलेल्या ब्रेकवरच नट कसायचा. म्हणजे प्लेट आपोआप मधोमध बसते आणि दोन्ही शू सारखे टेकतात. ह्याला एक पैसा लागत नाही, आणि मी आजपर्यंत एकाही गॅरेजात कोणाला करताना पाहिलं नाही. कॅमला पातळ हात ग्रीस लावलं, टिंबाला टिंब जुळवलं, लिव्हरच्या टोकाला बोटभर खेळ ठेवला, चाक मोकळं फिरते का पाहिलं, चहा झाला, संपलं. दीड-दोन तास, त्यात अर्धा तास १४ चा पाना शोधण्यात.

पहिल्या दिवशी मी नाराजच होतो कारण ब्रेक काही फार लागला नाही. नवा शू ड्रमला सगळीकडून टेकायला शे-दोनशे किलोमीटर जातात, तोवर मध्यम मध्यम दाबत राहायचं. मग एक दिवस सकाळी, रस्ता रिकामा पाहून, मैलाच्या दगडाजवळ चाळीसच्या स्पीडनं दोन्ही ब्रेक लावले आणि पावलं मोजली. १५ पावलं. जुन्या ब्रेकवर मी चाक खोलायच्या आधी त्याच दगडाजवळ मोजली होती तेव्हा २७ भरली होती. त्या बारा पावलांत एक रोही आरामात मावते.

पावसाळ्याचं बी सांगून टाकतो. नाल्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जाते आणि पुढचे दोन-चार ब्रेक लागतच नाहीत, तेव्हा हळू चालवत लिव्हर अल्लद दाबून धरायचा, गरमीनं वाळते. पांदण रस्त्याची काळी माती प्लेटच्या फटीत बसते ती काडीनं काढायची, पाइपच्या धारेनं नाही, धारेनं आत जाते.

डिस्क ब्रेकवाले हसत असतील तर त्यांच्यासाठी. शेजारच्या पोट्ट्याच्या गाडीचा लिव्हर स्पंजासारखा दबायचा. डिस्कचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असते आणि त्यातली हवा काढायची असते, पण ह्यानं ब्रेक ऑइलची डबी खाली गेलेली पाहून त्यात उरलेलं इंजिन ऑइल ओतलं! आतले रबर फुगले, ब्रेक लागला तो सुटेचना, डिस्क तव्यासारखी तापली. डबीच्या झाकणावर ऑइलचा प्रकार, डॉट ३ की डॉट ४, ते लिहिलेलं असते, तेच टाकायचं, आणि ते टाकीवर सांडलं तर कलर निघते. त्याचा खर्च माझ्या दहापट झाला.

आता तुम्हाला पत्र लिहायचं कारण. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना, १२५ सीसीपर्यंतच्या, कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की समोरचा बी थोडा आपोआप लागते, आणि त्याच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात दाबलं तरी चाक जाम होऊ न देणारा ब्रेक. चांगलं झालं. पण आमच्या गावात दारोदार ज्या गाड्या उभ्या आहेत त्या त्याच्या आधीच्या. पंधरा वर्षं झाली की पासिंग, मग दर पाच वर्षांनी रिन्यूअल. मी बी केलं, आणि त्या दिवशी सकाळी नट कसून गेलो होतो, त्या एका दिवसापुरता. तेव्हा दोष दुसऱ्याला देण्यात अर्थ नाही.

जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम असते, हेल्मेटची रॅली निघते, तुम्ही फोटो छापता. हेल्मेट घालायलाच पाहिजे, मी आता घालतो, बायकोला बी घेतलं. पण एखाद्या बाजाराच्या दिवशी बाजारातच एक चाक खोलून ठेवा, एक चकाकलेला शू आणि एक नवा शू लोकांच्या हातात द्या, त्या बाणावरची माती खरवडून दाखवा. तालुक्याच्या आयटीआयची पोरं हे फुकट करतील, वरून खुश होतील. आणि तुमच्या बातमीदारांना एवढंच सांगा की "ताबा सुटला" लिहायच्या आधी पडलेल्या गाडीचा समोरचा लिव्हर एकदा दाबून पाहत जा, मुठीला टेकते का. टेकला तर तेवढं बी छापा.

पत्र छापलं तर माझं नाव टाकू नका. मिस्त्री आमच्याच गावचा आहे, तुमचा पेपर त्याच्याच दुकानात येते, आणि पुढच्या महिन्यात मला क्लच प्लेटा टाकायच्या आहेत.

आपला,
एक जुना वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ